आर्थिक पाहणीत घरकामाचेही खाते हवे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

देशाच्या अर्थव्यवस्थेचा आकार किती झाला, जगात आपला क्रमांक कितवा लागतो आणि महाराष्ट्र एक ट्रिलियन डॉलरचे उद्दिष्ट कधी गाठणार, यांविषयीच्या बातम्या आणि लेख आपल्या वृत्तपत्रात आम्ही नियमितपणे वाचतो. या साऱ्या चर्चेच्या मुळाशी सकल देशांतर्गत उत्पादनाचा, म्हणजे जीडीपीचा, आकडा असतो. तो वाढला की घटला यावर भरपूर लिहिले जाते. त्यात काय धरायचे आणि काय सोडायचे हे कोणी व कशाच्या आधारे ठरवले, यावर मात्र फारसे लिहिले जात नाही. अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेले असल्यामुळे मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, आणि त्यातून राज्य सरकारकडे एक ठोस मागणीही करावीशी वाटते.

एका वर्षात देशाच्या हद्दीत झालेल्या अंतिम उत्पादनाचे मूल्य म्हणजे जीडीपी, ही व्याख्या विद्यार्थ्यांना पाठ असते. ऊस कारखान्याला गेला, साखर मिठाईवाल्याकडे गेली आणि त्याने पेढे विकले, तर तिन्ही विक्रींची बेरीज करून चालत नाही; प्रत्येक टप्प्यावर जेवढी नवी भर पडली तेवढीच धरायची असते. जुना फ्लॅट विकला तर त्याची किंमत यंदाच्या जीडीपीत येत नाही, दलालाची दलाली मात्र येते, कारण ती सेवा यंदाची आहे. आखातात काम करणाऱ्या मुलाने रत्नागिरीला पाठवलेले पैसे येत नाहीत, कारण ते काम या हद्दीत झालेले नाही. राज्य सरकार २०२४ पासून ‘माझी लाडकी बहीण’ योजनेतून दरमहा जे १,५०० रुपये देते तेही उत्पादन नव्हे, ते हस्तांतरण आहे. त्या रकमेतून औषध, वह्या किंवा किराणा घेतला गेला की तो खर्च हिशेबात येतो.

इथवरचे नियम पटण्यासारखे आहेत. पण त्यावरून, ज्याचे पैसे हातात पडले तेवढेच जीडीपीत येते, असा जो सर्वसाधारण समज झालेला आहे तो बरोबर नाही. स्वतःच्या घरात राहणारा माणूस कोणालाच भाडे देत नाही, तरीही ते घर भाड्याने दिले असते तर जेवढे भाडे आले असते तेवढे मानीव भाडे काढून ते देशाच्या उत्पन्नात मिळवले जाते. शेतकऱ्याने विकले नाही, घरी खाण्यासाठी कणगीत ठेवले, ते धान्यही मोजले जाते. घरच्या म्हशीचे घरीच प्यायलेले दूध मोजले जाते. सरकारी शाळेतल्या शिकवण्याला बाजारभाव नसतो, म्हणून त्याचे मूल्य पगार आणि इतर खर्चाइतके धरतात. आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या अंदाजात तर सरपणाचे आणि गुरांच्या शेणाचेही मूल्य धरलेले असते, सरपणाचे वनक्षेत्रात आणि शेणाचे पशुधनाच्या उत्पादनात. हे काम करणाऱ्या सांख्यिकी अधिकाऱ्यांच्या चिकाटीविषयी मला मनापासून आदर आहे. जिथे इतके व्यवहार पैशाविना होतात तिथे शेणाचाही भाव ठरवून तो हिशेबात आणणे सोपे नव्हते.

आता त्याच गोवरीच्या विस्तवावर भाजलेल्या भाकरीचा विचार करावा. ज्वारी मोजली, सरपण मोजले, शेण मोजले. चुलीपुढे बसून भाकरी थापण्याचे श्रम मात्र मोजले नाहीत. हे कोणाच्या विसराळूपणामुळे झालेले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या राष्ट्रीय लेखा पद्धतीनुसार जगभरचे देश जीडीपी काढतात, तिची पहिली आवृत्ती १९५३ मध्ये आली आणि सर्वांत अलीकडची २०२५ मध्ये स्वीकारली गेली. या पद्धतीने उत्पादनाची जी सीमा आखली आहे तिच्यानुसार कुटुंबाने स्वतःच्या वापरासाठी तयार केलेली वस्तू सीमेच्या आत येते, आणि कुटुंबातल्याच माणसांनी एकमेकांसाठी केलेली सेवा बाहेर राहते. सेवांच्या बाबतीत मुख्य अपवाद दोन: मालकीच्या घरातला निवारा, आणि पगार देऊन ठेवलेल्या घरकामगाराचे काम.

या नियमाने उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घातलेले पापड आणि कुरडया वस्तू ठरतात, म्हणून त्या आत; तेच पापड भाजून ताटात वाढणे ही सेवा, म्हणून ते बाहेर. विहिरीवरून हंडा भरून आणणे हासुद्धा वस्तूचा पुरवठा मानला आहे, म्हणजे तोही आत. पण नियमाने आत असलेले सारे प्रत्यक्षात मोजले जातेच असे नाही. आपल्या श्रमबल पाहणीत, म्हणजे किती लोक कामावर आहेत किंवा काम शोधत आहेत याच्या सरकारी पाहणीत, शेतमालावर घरच्या वापरासाठी केलेली प्रक्रिया आर्थिक काम मानली जात नाही, आणि घरकाम सांभाळून सरपण, चारा, रानभाजी गोळा करणाऱ्या किंवा घरच्यांचे कपडे शिवणाऱ्या बाईला ९३ हा संकेतांक देऊन श्रमबलाच्या बाहेर ठेवले जाते. उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या एखाद्या गावाला टँकर लागला, तर चालकाची मजुरी आणि टँकरमालकाचा नफा राज्याच्या उत्पन्नात जमा होतो. त्याच गावातल्या बायांनी डोक्यावरून आणलेल्या पाण्याचे मोल राज्य उत्पन्नाच्या तक्त्यांत वेगळे दाखवलेले कधीच दिसत नाही. पुढे गावात नळ आला तर जलवाहिनीचा खर्च गुंतवणूक म्हणून मोजला जातो. टँकर बंद झाल्याची घटही मोजली जाते. बायांचे वाचलेले तास मात्र कोणत्याच रकान्यात येत नाहीत, आणि योजनेचा सर्वांत मोठा लाभ तर तोच असतो.

काम तेच आणि हातही तेच असले, तरी ते कोणासाठी केले यावर त्याची गणना अवलंबून राहते, याची उदाहरणे आपल्या राज्यात शोधावी लागत नाहीत. गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात जणींनी एकत्र बसून विक्रीसाठी पापड लाटायला घेतले आणि त्यातून लिज्जत पापडचा मोठा उद्योग उभा राहिला. गिरणगावात कामगारांना घरी रांधून जेवण देणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना संघटित करण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. त्या बाईने एकाच पातेल्यात शिजवलेल्या भातातला जो वाटा कामगाराच्या ताटात गेला, तो शिजवण्याचे श्रम देशाच्या उत्पादनात धरायचे. जो वाटा तिच्या मुलांच्या ताटात गेला, त्यातले फक्त तांदूळ धरायचे. मूल सांभाळण्याचेही तसेच आहे. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचा वारसा सांगणाऱ्या २००५ च्या केंद्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात अशी तरतूद होती की, कामावर आलेल्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांच्यापैकी एकीला मुलांकडे बघण्यासाठी नेमावे आणि तिलाही त्या दिवसाची मजुरी द्यावी. याचा अर्थ, मूल सांभाळणे हे मजुरीच्या तोडीचे काम आहे हे आपल्या कायद्याने मान्य केलेले आहे. तीच बाई संध्याकाळी घरी येऊन तेच करते तेव्हा ते हिशेबाच्या बाहेर जाते.

ही सीमा माणसांनी आखली आणि ती वेळोवेळी सरकलीही आहे. दादाभाई नवरोजींनी १८६७-६८ सालासाठी ब्रिटिश हिंदुस्थानचे दरडोई उत्पन्न सुमारे २० रुपये काढले, तेव्हा त्यांनी भौतिक उत्पादन तेवढे धरले होते. वकील, शिक्षक, कारकून यांच्या सेवा त्यात नव्हत्या. आज देशाच्या मूल्यवर्धनातला निम्म्याहून अधिक वाटा सेवाक्षेत्राचा आहे आणि त्याविना राष्ट्रीय उत्पन्नाची कल्पनाही कोणी करत नाही. अमेरिकेत अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्ये सिनेटला सादर केलेल्या अहवालात गृहिणींच्या सेवा वगळल्या, पण त्यांचे मूल्य काढायला भरवशाचा आधार उपलब्ध नाही हे कारणही त्यांनी नोंदवून ठेवले. राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजमापावरून क्वचितच बांधता येतो, असा इशाराही त्यांनी त्याच अहवालात दिला आहे. आपल्याकडे १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस तिचे अध्यक्ष होते आणि अर्थशास्त्रज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव व पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ हे सदस्य. उत्पादनाचा मोठा हिस्सा बाजारात येतच नव्हता अशा देशाचे उत्पन्न त्यांना काढायचे होते आणि त्यासाठी त्यांनी अंदाजाचा आधार घेतला. बाजारभाव नाही म्हणून मोजता येत नाही, हे कारण आपल्या देशाने धान्याच्या बाबतीत पहिल्यापासूनच पुढे केलेले नाही.

घरकाम सरळ जीडीपीत मिळवावे, अशी माझी मागणी नाही. लेखा पद्धती घडवणाऱ्या तज्ज्ञांचे आक्षेप गंभीर आहेत आणि ते समजून घेतले पाहिजेत. जीडीपीचा उपयोग महागाई, करवसुली, व्याजदर आणि रोजगार यांविषयीचे निर्णय घेण्यासाठी होतो. ज्यावर कर बसत नाही आणि ज्यातून बाजारात मागणीही निर्माण होत नाही अशी प्रचंड मानीव रक्कम त्यात घातली, तर त्या कामासाठी तो आकडा निरुपयोगी ठरेल. शिवाय घरकाम उत्पादन मानले की जवळपास प्रत्येक प्रौढ व्यक्ती कामावर आहे असे ठरेल आणि बेरोजगारीच्या मोजणीला अर्थ उरणार नाही. नोकरी शोधणाऱ्या मुलीला ‘तू घरी स्वयंपाक करतेस, म्हणजे तुला रोजगार आहे’ असे सांगणारी आकडेवारी कोणालाच नको आहे.

तरीही या युक्तिवादात एक विसंगती उरते आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. मालकीच्या घराचे मानीव भाडे का धरतात? भाड्याच्या आणि मालकीच्या घरांचे प्रमाण देशादेशांत वेगळे असते व काळाबरोबर बदलते, म्हणून केवळ प्रत्यक्ष भाडे धरले तर दोन देशांची किंवा दोन काळांची तुलना फसवी होईल, असे त्याचे कारण दिले जाते. कारण योग्यच आहे. पण मग ते स्वयंपाकाला आणि शुश्रूषेला का लागू नये? गेल्या दोन-तीन दशकांत पुणे, ठाणे, नाशिक यांसारख्या शहरांत पोळी-भाजी केंद्रे, पाळणाघरे आणि आजारी वृद्धांसाठी दिवसपाळी-रात्रपाळीच्या सेविका पुरवणारे ब्युरो झपाट्याने वाढले. पूर्वी घरात होणाऱ्या पोळ्या आता विकत येतात, तेव्हा त्या लाटण्याचे सारे मोल जीडीपीत नवी वाढ म्हणून दिसते. वास्तविक पोळ्या आधीही होत होत्या. त्या वाढीतला किती भाग खरोखर नव्या उत्पादनाचा आणि किती भाग घरातून बाजारात सरकलेल्या कामाचा, हे घरातल्या कामाचा हिशेब ठेवल्याशिवाय सांगताच येणार नाही.

कुझनेट्स यांना जो आधार सापडला नव्हता तो आज आपल्या हाताशी आहे. लोकांचा दिवस कशात जातो याची पाहणी भारतात प्रथम १९९८-९९ मध्ये प्रायोगिक स्वरूपात झाली, परंतु ती हरियाणा, मध्य प्रदेश, गुजरात, ओरिसा, तमिळनाडू आणि मेघालय या सहा राज्यांपुरती होती आणि महाराष्ट्र त्यात नव्हता. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये देशव्यापी वेळ-वापर पाहणी केली. दुसऱ्या पाहणीत १ लाख ३९ हजारांहून अधिक कुटुंबांची माहिती घेतली गेली. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.५ टक्के आणि पुरुषांपैकी २७.१ टक्के व्यक्ती त्या दिवशी घरातले विनामोबदला काम करत होत्या. अशा कामात स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटे होता, पुरुषांचा ८८ मिनिटे. हे दोन्ही आकडे ते काम करणाऱ्यांपुरते आहेत, हे बातम्यांत बहुधा सुटून जाते. न करणाऱ्यांनाही धरून सरासरी काढली, तर पुरुषांची मिनिटे २४ च्या आसपास येतात आणि स्त्रियांची सुमारे २३५. २०१९ च्या पाहणीत स्त्रियांचा वेळ २९९ मिनिटे होता, म्हणजे पाच वर्षांत केवळ दहा मिनिटांचा फरक पडला. मुलांची आणि आजाऱ्यांची देखभाल यात नाही. ती स्वतंत्र शीर्षकाखाली नोंदवली आहे.

न्यायालयांना तर हे गणित केव्हाच हाती घ्यावे लागले, कारण त्यांच्यापुढे प्रश्न प्रत्यक्ष उभा होता: अपघातात गृहिणी दगावली तर कुटुंबाला भरपाई किती द्यायची? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या परिशिष्टात कमावत्या जोडीदाराच्या उत्पन्नाचा एकतृतीयांश हा न कमावणाऱ्या जोडीदाराचा हिस्सा मानला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये एका आगीच्या प्रकरणात गृहिणींच्या सेवेचे मोल दरमहा ३,००० रुपये धरले. २०१० च्या एका निकालात, २००१ च्या जनगणनेने घरकाम करणाऱ्या स्त्रियांना भिकारी आणि कैदी यांच्यासमवेत बिगरकामकऱ्यांच्या गटात टाकले याबद्दल न्यायालयाने स्पष्ट नाराजी नोंदवली. २०११ च्या जनगणनेत घरकाम हाच आपला मुख्य व्यवसाय असे सांगणाऱ्या स्त्रिया जवळपास १६ कोटी होत्या आणि पुरुष ५८ लाखांच्या आत, याचा उल्लेख न्यायालयाच्या जानेवारी २०२१ च्या निकालात आहे. मृत्यूनंतर ज्या कामाची किंमत ठरवता येते, ती ते काम चालू असतानाही ठरवता येईल.

यासाठी लेखा पद्धतीनेच एक मार्ग ठेवलेला आहे, तो म्हणजे मुख्य हिशेबाला हात न लावता त्याला जोडून काढलेले पूरक खाते, ज्याला सॅटेलाइट अकाउंट म्हणतात. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने असे खाते काढून २०१६ मधल्या घरगुती विनामोबदला सेवांचे मूल्य १.२४ लाख कोटी पौंड, म्हणजे जीडीपीच्या ६३.१ टक्क्यांइतके, असल्याचे दाखवले. मेक्सिको असे खाते दरवर्षी प्रसिद्ध करते. कोलंबियाने २०१० मध्ये त्यासाठी कायदाच केला. आपल्याकडे स्टेट बँकेच्या संशोधन विभागाने २०२३ मध्ये स्त्रियांच्या विनामोबदला कामाचे मूल्य २२.७ लाख कोटी रुपये, म्हणजे जीडीपीच्या साधारण साडेसात टक्के, असा अंदाज मांडला. ब्रिटनचे ६३ टक्के आणि आपले साडेसात टक्के यांची तुलना कोणी करू नये. ब्रिटनच्या आकड्यात स्त्री-पुरुष दोघांचेही काम आहे, कामांची व्याप्ती वेगळी आहे आणि तासाचा दर धरण्याची रीतही वेगळी आहे. काही जण प्रत्येक कामाला त्या त्या कारागिराचा दर लावतात, स्वयंपाकाला आचाऱ्याचा आणि शुश्रूषेला परिचारिकेचा. काही जण त्या बाईने बाहेर नोकरी केली असती तर तिला काय मिळाले असते ते धरतात. या दुसऱ्या रीतीने डॉक्टर बाईची भाकरी मजूर बाईच्या भाकरीपेक्षा महाग ठरते आणि ते मला मुळीच मान्य नाही. सर्व कामे करणाऱ्या घरकामगाराचा स्थानिक दर धरावा, हे त्यातल्या त्यात न्याय्य आहे; मात्र घरकामगारांना आपण किती कमी पैसे देतो हेही त्या दरातून उघड होईल, याची तयारी ठेवावी लागेल.

महाराष्ट्र शासनाचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ प्रसिद्ध करते. त्या पाहणीत राज्य उत्पन्नाच्या तक्त्यांना जोडून विनामोबदला घरकामाचे एक पूरक खाते छापावे, ही माझी मागणी आहे. २०२४ च्या पाहणीतली महाराष्ट्राची माहिती त्यासाठी उपलब्ध आहे. खात्यात रुपयांच्या आधी तास यावेत, कारण तास मोजलेले असतात आणि रुपये ठरवलेले असतात. पाणी व सरपण आणणे, स्वयंपाक व साफसफाई, मुलांची देखभाल, वृद्ध व आजाऱ्यांची शुश्रूषा यांचे तास स्वतंत्र दाखवावेत. स्त्री-पुरुष आणि ग्रामीण-शहरी अशी फोड असावी. आणि रुपयांत रूपांतर करताना कोणता दर वापरला ते त्याच पानावर स्पष्ट लिहावे. जिल्हानिहाय आकडे काढण्याइतका नमुना मोठा नसेल तर ते काढू नयेत, विभागवार मिळाले तरी पुष्कळ होईल. असे खाते असेल तर नळयोजना, अंगणवाडीला जोडलेले पाळणाघर किंवा वृद्धांसाठी दिवसा देखभालीचे केंद्र यांवर केलेल्या खर्चाच्या समोर वाचलेल्या तासांचा आकडा मांडता येईल. आज त्या जागी काहीच नसते आणि अर्थखात्यात अशा योजना केवळ खर्च म्हणूनच वाचल्या जातात. ‘लाडकी बहीण’सारख्या योजनेला घरकामाचा मोबदला म्हणण्याचा प्रघातही त्यामुळे थांबेल, कारण मदत कोणती आणि मोबदला कोणता हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून कोणालाही तपासता येईल.

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने जीडीपीचे आधारवर्ष, म्हणजे ज्या वर्षाच्या किमती तुलनेसाठी धरतात ते वर्ष, २०११-१२ ऐवजी २०२२-२३ करण्याचे काम हाती घेतले, त्या निमित्ताने कोणती नवी माहिती वापरायची आणि कोणत्या जुन्या पद्धती सोडायच्या याची चर्चा तज्ज्ञांमध्ये झाली. राज्यांनाही आपापले अंदाज त्या धर्तीवर सुधारून घ्यावे लागतात, त्यामुळे संचालनालयाला ही भर घालण्यासाठी याहून सोयीची वेळ मिळणार नाही. आपल्या वृत्तपत्राने हा विषय संबंधित मंत्र्यांपुढे आणि विधिमंडळाच्या सदस्यांपुढे मांडावा, आणि पुढील आर्थिक पाहणी सादर होईल तेव्हा तिच्या बातमीत राज्याच्या विकासदराबरोबर या खात्याचीही विचारणा करावी, अशी आपणास आग्रहाची विनंती आहे.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त अर्थशास्त्र शिक्षिका, सातारा